रक्तातच आहे

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाचा एक मेसेज आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. वाढला सोलापुरात, गेली पंधरा-सोळा वर्षं नोकरीला टेक्सासात. मेसेज त्याच्या तिकडच्या मराठी मित्रांसाठी होता, चुकून आमच्याकडे आला. 'पोरगा अकराचा झाला. डियर सीझनसाठी त्याला पहिली रायफल घ्यायची आहे. .२४३ बरी की ७ एमएम-०८?' सोबत दोन रायफलींचे फोटो.

आत्याने विचारलं, 'बॅटीसारखं नंबरावर असतं का रे हे पण?'

दादाने खरं तर मेसेज डिलीट करायचा, पण तो रंगात आला. म्हणाला, असतंच. मोठ्या माणसाची रायफल पोराच्या हातात देऊ नये. दस्ता आखूड हवा, नाहीतर गाल नीट टेकत नाही आणि डोळा दुर्बिणीमागे बसत नाही. .२४३ चा धक्का कमी असतो. पहिल्याच दिवशी खांद्याला दणका बसला, तर पोरगं पुढच्या वेळी ट्रिगर दाबताना डोळे मिटतं. मग नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. ते सगळ्यांत वाईट. म्हणून आधी महिनाभर कागदावर नेम धरायचा, मग रानात जायचं. तिथे मुलांसाठी शिकारीचा कोर्स असतो, नवव्या वर्षापासून तो पास करता येतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी काही दिवस तर फक्त सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवलेले असतात.

इतका विचार करून मुलाच्या हातात एखादी वस्तू देणारा बाप मी आमच्या घरात दुसरा पाहिलेला नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

डिसेंबरात फोटो आला. पुतण्या गुडघ्यावर बसलाय, .२४३ शेजारी झाडाला टेकवलीय, आणि दोन्ही हातांनी त्याने मेलेल्या जनावराचं डोकं शिंगांना धरून वर उचललंय. शिंगं पिळदार, पाठ काळी, पोट पांढरं. फोटो मोठा करून पाहिला. ते अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरिण नव्हतं. काळवीट होतं. आपलं, नान्नजच्या माळावरचं काळवीट.

ग्रुपवर धुमाकूळ. 'शाब्बास वाघा!' 'मावळा शोभतोस!' एका काकांनी लिहिलं, 'रक्तातच आहे.' त्याला अकरा अंगठे आले.

मी ते वाक्य आधी वाचलं होतं. याच ग्रुपवर. वर सरकवत गेलो तर सापडलंही. आठ-नऊ महिन्यांपूर्वी जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावची बातमी कोणीतरी फॉरवर्ड केली होती. काळविटाचं मांस सापडलं, 'पारधी टोळी' ताब्यात. खाली आमच्याच माणसांच्या प्रतिक्रिया. 'ठोका यांना.' 'यांना सवलती द्या अजून.' आणि त्याच काकांचं तेच वाक्य, फक्त एका शब्दाच्या फरकाने: 'यांच्या रक्तातच आहे.'

जनावर एक, वाक्य एक, लिहिणारा हातही एकच. एकदा ते कौतुक होतं आणि एकदा आरोप. माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

टेक्सासातलं काळवीट

आधी दादाची बाजू नीट मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय भांडणं सोपं असतं आणि फुकटही.

काळवीट मूळचं भारतीय उपखंडातलं. मराठीत आपण सरसकट हरिण म्हणतो, पण जाणकार सारंग आणि कुरंग असा भेद करतात. सारंगाची शिंगं दरवर्षी गळतात, कुरंगाची जन्मभर राहतात. काळवीट कुरंग. ते टेक्सासात १९३२ साली नेलं गेलं, कुंपण घातलेल्या मोठ्या कुरणांवर सोडलं गेलं, आणि तिथल्या कोरड्या माळावर चांगलंच रुळलं. आज तिथे ती हजारोंनी आहेत. परदेशी जनावर म्हणून त्याला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. मालकाला पैसे मोजायचे आणि मारायचं.

यातून काही बरंही झालं, हे मान्य करायला हवं. पाकिस्तानातून काळवीट संपलं होतं. १९७० च्या आसपास टेक्सासातून पाठवलेल्या काळविटांपासून लाल सुहानराच्या उद्यानात पुन्हा कळप उभा राहिला. अमेरिकेत १९३७ पासून रायफली आणि काडतुसांवर एक खास कर आहे, त्याचा पैसा वन्यजीवांसाठी वापरला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं मारून मारून संपत आली होती, ती आज कोट्यवधींत आहेत. आपली शिकार टिकावी म्हणून का होईना, शिकाऱ्यांनी हरणं टिकवली.

आणि मी काही शाकाहाराच्या ओट्यावर उभा राहून बोलत नाही. रविवारी काळं मटण असल्याशिवाय आमच्या घरात रविवार होत नाही. स्वतः मारून, स्वतः सोलून, फ्रीजरमध्ये भरून वर्षभर खाणारा दादा माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे असंही कोणी म्हणू शकेल. त्यामुळे 'शी, किती क्रूर' या रस्त्याने मी जाणार नाही. दादाने तिथला कायदा पाळला, पोराला शिस्त लावली, मांस खाल्लं. त्याला गुन्हेगार ठरवायचं मला कारण नाही.

मला विचारायचंय ते आम्हाला. सोलापुरात बसून अंगठे दाबणाऱ्यांना. हेच जनावर मारलं की आपल्या घरच्या पोराचा फोटो आणि दुसऱ्याच्या पोराची जात, हा हिशेब आपण शिकलो कुठे?

बंदूक कोणाच्या पोराला मिळायची

भारतात लहान मुलाच्या हातात बंदूक देणं ही नवी गोष्ट नाही. जिम कॉर्बेटला वयाच्या आठव्या वर्षी, म्हणजे १८८३ च्या सुमारास, ठासणीची जुनी दुनळी मिळाली. एक नळी फुटकी, दस्ता पितळी तारेने बांधलेला. तरी तिच्यावर त्याचं इतकं प्रेम होतं की म्हातारपणीही त्याने ते लिहून ठेवलं. साहेबाच्या पोराची ती गोष्ट आपण शाळेत कौतुकाने वाचतो. संस्थानिकांच्या वाड्यांत तर राजपुत्राची पहिली शिकार म्हणजे समारंभच. हाकारे उठवायचे, नेम पोराने धरायचा, आणि नंतर फोटोग्राफर.

आपल्या भागातही हे होतंच. कोल्हापूर संस्थानात माणसाळवलेल्या चित्त्यांकडून काळविटं मारवण्याचा षोक विसाव्या शतकातही टिकून होता. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. बैलगाडीवर चित्ता बसवायचा, डोळ्यांवर पट्टी, कळप दिसला की पट्टी काढायची. हे चित्ते जिवंत पकडायचे आणि माणसाळवायचे, हे काम कोणाचं? चिता पारध्यांचं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांच्या नोंदीखाली आजही 'चिता पारधी' हे नाव आहे, 'फासेपारधी' आहे, 'शिकारी'सुद्धा आहे. कर्नाटकाच्या बाजूला फासेपारध्यांना 'हरणशिकारी'च म्हणतात.

म्हणजे ज्यांच्या नावातच हरणाची शिकार, अशी माणसं या मुलखात आहेत. 'रक्तातच आहे' हे शब्दशः म्हणायचंच असेल, तर माझ्या पुतण्याआधी त्यांच्या मुलांबद्दल म्हणावं लागेल. आमच्या घराण्यात दादाच्या आधी कोणी ससा मारल्याचंही ऐकिवात नाही. चार पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात आणि ज्वारीच्या रानात गेल्या.

फासेपारध्याकडे बंदूक नव्हती. त्याच्याकडे फासे होते. एक पद्धत अशी की, पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला रानातल्या कळपाकडे सोडायचं. कळपातला नर अंगावर येतो, शिंगात शिंग अडकतं, फासा बसतो. तितर पकडायला शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पुढे सरकायचं. यासाठी कळपाची चाल, वाऱ्याची दिशा, नराचा माज कधी येतो, हे सगळं कळावं लागतं. दुर्बीण लावून दीडशे पावलांवरून ट्रिगर दाबण्यापेक्षा हे सोपं नाही, एवढं नक्की.

मग या मुलांना समारंभात काय मिळालं?

सेटलमेंटच्या तारेमागे

ते पाहायला लांब जायला नको. सोलापुरात रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेतो. सेटलमेंट फ्री कॉलनी, अमुक नंबर. आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं, की हे सेटलमेंट म्हणजे काय, आणि 'फ्री' कशापासून?

१८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या कायद्यात गुन्हा करावा लागत नसे. जमातीचं नाव यादीत आलं की त्यात जन्मलेलं मूल संशयित. पुढे मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची त्यांतली एक मोठी, अमेरिकन मराठी मिशनने चालवलेली. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायला पास. शहरातल्या कापड गिरण्यांना मजूर हवे होते, ते या तारेमागून मिळाले. ज्या गिरण्यांच्या भोंग्याचं आपण हळवेपणाने बोलतो, त्या भोंग्यावर ही माणसंही कामाला जायची, फक्त त्यांना घरी परतताना हजेरी द्यावी लागायची.

१९२४ च्या कायद्यात आणखी एक कलम होतं. सहा ते अठरा वर्षं वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. सहाव्या वर्षी! कॉर्बेटला बंदूक मिळाली त्याहून दोन वर्षं लहान. एका मुलाला आठव्या वर्षी रान मोकळं, आणि दुसरं मूल रान विसरावं म्हणून सहाव्या वर्षी आईपासून तोडायची सोय. दोघांच्याही रक्तात काहीतरी आहे असंच सरकार मानत होतं. एकाच्या रक्ताला नेम म्हणत होतं आणि दुसऱ्याच्या रक्ताला गुन्हा.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. तारा निघाल्या. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्या जागी आले, आणि पोलिसांच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. आमच्या ग्रुपवरची यादीही तीच.

कायदा मला मान्य आहे

इथे कोणी विचारेल, मग काय, पारध्यांना शिकार करू द्यायची?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. काळवीट त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मारणं सोडा, फासा लावला, पकडायचा नुसता प्रयत्न केला, तरी ती शिकार धरली जाते आणि तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. हा कायदा नसता तर नान्नजला आज काही उरलं नसतं. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजाने एका रात्री तीन चित्ते मारले आणि ते देशातले शेवटचे देशी चित्ते मानले जातात. १९५२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला. बंदुकीला लगाम घातला नाही तर काय होतं, हे आपण पाहिलंय.

बंदुकीचा कायदाही मला मान्य आहे. भारतात एकवीस वर्षांखालच्या कोणालाही बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना तेवढी सवलत आहे, तीही नियमांच्या चौकटीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक आणलं, ते कागदाच्या चकतीवर नेम धरून. पोराच्या हातात रायफल आली की तो खुनी होतो असलं मी काही म्हणत नाही.

पण कायदा सगळ्यांना सारखा लागू झाला तरी त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. संस्थानिकांची शिकार बंद झाली, तेव्हा त्यांचे शिकारखाने हॉटेलं झाले आणि भिंतीवरची मुंडकी तशीच राहिली. साहेब तर आधीच गेला होता. बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्याने कॅमेरा घेतला. त्याचा भूतकाळसुद्धा पुस्तकांत वाचनीय ठरला. मराठी साहित्यात शिकारकथा लिहिणारे मोठे लेखक आहेत, ते मीही आवडीने वाचले. फासेपारध्याचं मात्र एका कलमाने पोटच गेलं. बदल्यात जमीन नाही, काम नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगलावरच्या पारंपरिक हक्कांची यादी आहे, आणि शिकारीचा हक्क तेवढा त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलाय. वगळायलाच हवा होता. पण ज्याचं तेच एक होतं, त्याला वगळून पुढे काय दिलं, हे विचारायचं राहून गेलं.

पारधी शिकार करतच नाहीत, असंही मी म्हणणार नाही. करतात काही जण. वाघांच्या तस्करीत टोळ्या पकडल्या गेल्यात, त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण १९९८ च्या जोधपूरजवळच्या काळवीट प्रकरणात २०१८ मध्ये न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, दोन दिवसांत जामीन झाला, तो अपिलात गेला, तेव्हा बातमी त्याच्या नावाने आली. 'नट टोळी' असं कोणी छापलं नाही. सिनेमावाल्यांच्या रक्तातच आहे, असंही कोणी म्हटलं नाही. एका माणसावरचा आरोप एका माणसापुरता राहिला. तेवढाच न्याय मी मागतोय.

काकाच्या रानात

त्या फोटोवर सगळ्यांत खरी प्रतिक्रिया दादाच्या वडिलांची, म्हणजे माझ्या काकाची होती. त्याची जमीन नान्नजच्या बाजूला, सोलापूर-बार्शी रस्त्याच्या आत. त्याने लिहिलं, 'तिकडं एक मारायला पैशे कशाला देतो बे. इकडं ये. रानात रोज साठ-सत्तर हायेत.'

ग्रुपवर हसू पिकलं, पण काका विनोद करत नव्हता. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. एकेकाळी कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, पुढे कमी करत बाराशेवर आणलं. माळढोक आता दिसेनासाच झालाय. माळावर राज्य काळविटांचं. हरभरा उगवून चार पानांवर आला की कळप रात्रीतून येतो आणि सकाळी रान खरवडल्यासारखं दिसतं. काकाने जुन्या साड्यांचं कुंपण केलं, फटाके लावले, डबडं वाजवत रात्री काढल्या. नुकसानभरपाईचा नियम आहे, पण पंचनामा, फोटो, फेऱ्या यांतच हंगाम निघून जातो. कंटाळलेला शेतकरी कुंपणात वीज सोडतो आणि मग जनावरंही मरतात, माणसंही. काळवीट वाचवण्याचा खर्च शहरात बसून मी देत नाही. तो काका देतो.

आणि राखण कोण करतं? काकाच्या रानात दोन वर्षं एक पारधी कुटुंब राखणीला आहे. अशी कुटुंबं राखणीला ठेवणं आपल्याकडे नवीन नाही. गावाचा त्यांच्यावर विश्वास नसतो, पण पिकं त्यांच्या जिवावर सोडतात. त्यांचा मुलगा पुतण्याच्याच वयाचा. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो होतो. सकाळी बांधावरचे खूर बघून त्याने मला सांगितलं, रात्री दोन कळप आले, एकात मोठा नर होता, तो मागे राहिला, आणि सगळे पांदीने उत्तरेला गेले. आम्ही पांदीने गेलो. होते तिथे. मला मोबाइलवर फोटोसुद्धा नीट काढता आला नाही, इतक्या लांबून त्याला नर-माद्या मोजता येत होत्या.

आमच्या ग्रुपवर ती 'पारधी टोळी'ची बातमी फिरली, त्याच आठवड्यात त्या मुलाच्या बापाला चौकशीला नेलं होतं. ते गाव वेगळं, माणसं वेगळी, बातमीतल्या कोणाशी त्याचं नातं नाही. दोन रात्री ठेवून सोडलं. काकाने जाऊन सांगितलं की तो त्या रात्री माझ्याच रानात होता, तेव्हा. काकाने हे ग्रुपवर लिहिलं नव्हतं. मी विचारल्यावर म्हणाला, 'नेतातच की. दरसाल असतंय ते.' पोरगा त्या दोन दिवसांत शाळेत गेला नाही. नंतर गेला तेव्हा वर्गातल्या पोरांना सगळं माहीत होतं. त्यांच्याही घरी ग्रुप आहेतच.

आता दोन्ही मुलं शेजारी उभी करा. दोघं अकरा वर्षांचे. दोघांना काळवीट कळतं. एकाने ते मारलं. दुसऱ्याने मारलं नाही, उलट त्याचं घर रात्रभर जागून पीक आणि काळवीट दोन्ही एकमेकांपासून वाचवतं. यांतल्या एकाच्या रक्तात काय आहे यावर आपण अकरा अंगठे दिले, आणि दुसऱ्याच्या बापाने दोन रात्री कोठडीत काढल्या.

मग करायचं काय

मला भाषण नको आहे, आणि 'समाजाने विचार करावा' असं शेवटी लिहायचा मला मनस्वी कंटाळा आहे. करण्यासारख्या साध्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वनखात्यासाठी. नान्नजला गाइड, गणनेला माग काढणारे, आगीवर आणि फाश्यांवर नजर ठेवणारे लागतात. हे ज्ञान या जिल्ह्यात कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' ही संस्था फासेपारधी कुटुंबांबरोबर गवताळ माळ राखण्याचं काम करते. म्हणजे हे स्वप्नरंजन नाही, होऊ शकतं. पण काम रोजंदारीच्या मेहेरबानीचं नको, पगाराचं आणि ओळखपत्राचं हवं. खिशात वनखात्याचं कार्ड असलेल्या माणसाला रात्री उचलून नेण्याआधी कोणीही एकदा विचार करेल.

दुसरी गोष्ट काकासाठी. भरपाई पीक उभं असलेल्या हंगामातच मिळाली पाहिजे. ज्याचं रान खाल्लं जातं त्याला काळवीट शत्रू वाटणारच. त्याच्या रागावर वन्यजीवप्रेम टिकत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी, आणि ती फुकट आहे. शिकारीच्या बातमीत जात छापली असेल तर ती पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला विचारा, आरोपीचं नाव काय, आरोप सिद्ध झालाय का, आणि बातमीत जात कशाला? वाईट दिसाल, 'आलाय शहाणा' म्हणतील. म्हणू देत. सोलापुरात तारेचं कुंपण १९५२ नंतर निघालं. आता ते ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये आहे, आणि ते काढायला कुठला कायदा येणार नाही.

दादाला मी फोन केला होता. फोटोबद्दल नाही, वाक्याबद्दल. तो आधी चिडला. 'माझ्या पोरानं काय केलं?' म्हणाला. मी म्हटलं, काहीच नाही. त्याला तू रायफल देताना इतकं शिकवलंस, धक्का किती बसतो, जखमी करू नये, आधी कागदावर शीक. एक गोष्ट राहिली तेवढी सांग. हे जनावर आपल्या गावचं आहे, आणि आपल्या गावात ते मारणाऱ्याचं काय होतं, आणि न मारणाऱ्याचंही काय होतं, हे त्याला माहीत असू दे. अकरा वर्षांच्या मुलाला .२४३ चा धक्का सोसतो, तर एवढं ऐकणंही सोसेल.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पुढच्या डिसेंबरात येतोय त्याला घेऊन. बाबांच्या रानात नेऊ. तो राखणीवाल्याचा पोरगा असेल का तेव्हा?'

असेल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या घराला कोणी सुखाने राहू दिलं तर असेल. एवढं तरी आपल्या हातात आहे.